प्रतिकृती रेल्वे : काल्पनिक ट्राममार्गाच्या वाघिणी

खऱ्या रेल्वेची एंजिने, डबे, रूळ, स्थानके व परिसर यांची ठराविक प्रमाणात लहान केलेली चालती रचना म्हणजे प्रतिकृती रेल्वे. प्रत्यक्षात असलेल्या किंवा एके काळी असलेल्या मार्गाची हुबेहूब प्रतिकृती करणे ही या कलेची एक शाखा होय. दुसऱ्या शाखेत मार्ग काल्पनिक असतो. परंतु त्यावरील वाहने, त्यांची मापे व कामाची पद्धत त्या काळच्या व त्या प्रदेशातील खऱ्या रेल्वेंशी सुसंगत ठेवतात. प्रस्तुत नोंदीत या दुसऱ्या शाखेतील मालवाहू डब्यांच्या, म्हणजेच वाघिणींच्या, रचनेचे विवेचन केले असून उदाहरणासाठी बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव-चिखली असा कल्पित ट्राममार्ग घेतला आहे. असा ट्राममार्ग कधीही अस्तित्वात नव्हता, हे प्रारंभीच स्पष्ट केले पाहिजे.

‘ट्राम’ या शब्दाने मराठी वाचकास मुंबईची ट्राम आठवते. ती १८७४ मध्ये घोड्यांच्या साहाय्याने सुरू झाली, १९०७ मध्ये विजेवर चालू लागली आणि ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. तथापि या शब्दाचा जुना अर्थ अधिक व्यापक आहे. मुख्य रेल्वेपासून आडबाजूच्या बाजारपेठांपर्यंत कमी खर्चात टाकलेल्या हलक्या लोहमार्गासही ट्राममार्ग म्हणत. भारतात १८८६ मध्ये ट्राममार्गांसंबंधी स्वतंत्र अधिनियम करण्यात आला. नेरळ-माथेरान हा १९०७ मध्ये सुरू झालेला ६१० मिमी. रूळमापाचा डोंगरी मार्गही आरंभी एका ट्रामवे कंपनीच्या मालकीचा होता. अशा मार्गांवर प्रवाशांइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व मालाला असे. म्हणून त्यांच्या प्रतिकृतींत वाघिणींना मध्यवर्ती स्थान आहे.

इतिहास : जर्मनीतील मेर्कलिन या खेळणी-उत्पादक संस्थेने १८९१ मध्ये लाइपसिक येथील जत्रेत क्रमांकित रूळमापांची खेळण्यातील रेल्वे मांडली. रुळांची मापे निश्चित झाल्यामुळे वेगवेगळ्या वेळी घेतलेले डबे व रूळ एकमेकांना जुळू लागले आणि खेळण्याचे रूपांतर हळूहळू प्रमाणबद्ध प्रतिकृतीत झाले. काल्पनिक मार्गाला कलेचा दर्जा मिळाला तो इंग्लंडमध्ये. जॉन अहर्न यांनी १९३० नंतरच्या दशकात ‘मॅडर व्हॅली’ नावाच्या कल्पित मार्गाची बांधणी सुरू केली. तो ऑक्सफर्डशरमधील पेंडन संग्रहालयात जतन करण्यात आला आहे. एडिंबरो येथील पी. डी. हॅनकॉक यांनी १९५० च्या सुमारास स्कॉटलंडमधील एका कल्पित परगण्याच्या अरुंदमापी रेल्वेची प्रतिकृती उभारली, तर अमेरिकेत जॉन ॲलन यांची डोंगराळ प्रदेशातील कल्पित रेल्वे प्रसिद्धी पावली. या तिघांच्याही कामात मार्ग कल्पित असला, तरी त्याला भूगोल, व्यापार व वेळापत्रक होते.

महाराष्ट्रात या विषयाची ओळख सर्वसामान्य लोकांना पुणे येथील लघुरेल्वे संग्रहालयामुळे झाली. भाऊ जोशी यांनी स्थापन केलेले हे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झाले. त्यातील रेल्वे मुख्यतः १:८७ या प्रमाणात असून तिच्याभोवतीचे शहर कोण्या एका गावाची नक्कल नसून कल्पित आहे.

स्थळाची निवड : काल्पनिक मार्ग पटण्याजोगा व्हावयाचा, तर तो का निघाला असता या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. बुलढाणा जिल्ह्यात हे उत्तर सहज मिळते. जिल्ह्याचे घाटाखालील व घाटावरील असे दोन स्वाभाविक भाग पडतात. घाटाखाली पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीतून मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव अशी भुसावळ-नागपूर रेल्वे जाते. जलंबपासून खामगावपर्यंतचा सु. १३ किमी. लांबीचा फाटा १८७० मध्ये सुरू झाला. तो मुख्यत्वे खामगावच्या कापूस बाजारासाठी होता. घाटावरील बुलढाणा, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा व लोणार या गावांपर्यंत मात्र रेल्वे पोहोचली नाही. खामगाव-चिखली-देऊळगाव राजा-जालना असा रेल्वेमार्ग व्हावा, ही मागणी शंभर वर्षांहून अधिक जुनी आहे. त्यासाठी सर्वेक्षणे झाली, परंतु मार्ग अद्याप बांधला गेलेला नाही.

शेजारच्या जिल्ह्यांतील परिस्थिती निराळी होती. मूर्तिजापूरपासून एका बाजूस अचलपूरपर्यंत व दुसऱ्या बाजूस यवतमाळपर्यंत ७६२ मिमी. रूळमापाचे मार्ग विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या दशकांत निघाले. ‘शकुंतला’ या नावाने ते ओळखले जात. त्यांवर वाफेची एंजिने १९९४ पर्यंत चालली. २०२० पर्यंत दोन्ही मार्गांवरील वाहतूक थांबली. वऱ्हाडातील कापसासाठी अरुंदमापी रेल्वे निघू शकत होती, याचा हा प्रत्यक्ष पुरावा होय. म्हणून कल्पित खामगाव-चिखली मार्गासाठीही ७६२ मिमी. हेच रूळमाप धरणे सयुक्तिक ठरते.

मूळ वाघिणींचा अभ्यास : या रूळमापाच्या वाहनांचा सर्वांत उद्‌बोधक नमुना म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याच्या योजनेनुसार बांधलेला तिचा कुर्डुवाडी-बार्शी हा पहिला भाग १८९७ मध्ये सुरू झाला. पुढे ती एका बाजूस लातूरपर्यंत आणि दुसऱ्या बाजूस पंढरपूरवरून मिरजेपर्यंत वाढविण्यात आली. १९५४ मध्ये ती शासनाने ताब्यात घेतली आणि नंतर टप्प्याटप्प्याने तिचे रुंदमापी मार्गात रूपांतर झाले.

कॅलथ्रॉप यांचे मुख्य सूत्र साधे होते. रुळांची किंमत त्यांच्या वजनावर आणि रुळांचे वजन वाहनाच्या एका आसावर येणाऱ्या भारावर अवलंबून असते. म्हणून एंजिन असो वा वाघीण, कोणत्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यावयाचा नाही, असे त्यांनी ठरविले. त्यामुळे यार्डाला सु. ३० पौंड, म्हणजे मीटरला सु. १५ किग्रॅ., वजनाचे हलके रूळ पुरेसे झाले. मालाच्या सर्व वाघिणी सु. २५ फूट (७·६२ मी.) लांब व ७ फूट (२·१३ मी.) रुंद अशा एकाच नमुन्याच्या, दाबून घडविलेल्या पोलादी अधश्चौकटीवर उभारल्या. या चौकटीखाली दोन बोगी असत. बोलीभाषेत ‘बोगी’ म्हणजे रेल्वेचा डबा; तांत्रिक परिभाषेत मात्र डब्याखालील, मध्यखिळीभोवती वळणाऱ्या चार चाकांच्या गाड्यास बोगी म्हणतात. चार आसांमुळे वाघिणीचे मालासह वजन २० टनांपर्यंत जाऊ शकते आणि वळणावर बोगी फिरत असल्याने लांब वाघीणही अडखळत नाही.

प्रतिकृतिकाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, एक अधश्चौकट नीट साधली की तिच्यावर बंद, उघडी, सपाट अशा अनेक प्रकारच्या वाघिणी उभारता येतात. प्रत्यक्ष मापे घेण्यासाठी नागपूर येथील मोतीबाग परिसरात २००२ मध्ये स्थापन झालेले अरुंदमापी रेल्वे संग्रहालय उपयुक्त आहे. छायाचित्रावरून मापे काढताना एखादी ज्ञात लांबी, उदा., रुळांमधील ७६२ मिमी. अंतर, आधार म्हणून घ्यावी. मात्र कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर असलेल्या भागांचीच तुलना करावी.

प्रमाण व रूळमाप : प्रतिकृतीचे प्रमाण आणि तिच्या रुळांचे माप या दोन भिन्न गोष्टी आहेत. बाजारात तयार मिळणारे रूळ व चाके मोजक्याच मापांची असल्याने त्यांच्याशी जुळणारे प्रमाण निवडावे लागते. १:८७ या प्रमाणात ७६२ मिमी. चे माप ८·७६ मिमी. होते. सर्वत्र प्रचलित असलेला ९ मिमी. चा रूळ त्याच्या अगदी जवळचा असून फरक ३ टक्क्यांहूनही कमी पडतो. १:७६ या ब्रिटिश प्रमाणात मात्र १० मिमी. चे माप हवे असताना ९ मिमी. चा रूळ वापरला जातो; त्यामुळे मार्ग प्रमाणापेक्षा अरुंद दिसतो. नवशिक्यासाठी १:४५ हे मोठे प्रमाण सोयीचे आहे. त्यात १६·५ मिमी. च्या रुळाचे मूळ माप सु. ७४२ मिमी. येते आणि २५ फुटी वाघीण सु. १६९ मिमी. लांब होते. मात्र तिला जागा जवळजवळ दुप्पट लांबीची लागते. पुढील गणित १:८७ या प्रमाणावर आधारले आहे.

खामगाव येथे अरुंद व रुंद अशी दोन्ही मापे शेजारी दाखवावयाची असल्याने एक अडचण उद्‌भवते. भारतीय रुंद मापाचे १,६७६ मिमी. अंतर या प्रमाणात १९·३ मिमी. होते, तयार रूळ मात्र १६·५ मिमी. चा असतो. तो वापरल्यास रुंदमापी मार्ग सु. १४ टक्के अरुंद दिसतो आणि दोन मापांतील विरोधाभास फिका पडतो. खामगावच्या फलाटापुरता रुंद मार्ग हाताने टाकून त्यावर एकदोन वाघिणी स्थिर ठेवणे, हा यावरील चांगला उपाय होय.

वाघिणीचे मान ठरविणे : वाघीण किती मोठी असावी हे मार्गावर चालणारा माल ठरवितो. खामगाव-चिखली मार्गाचा मुख्य माल कापूस. सरकी काढून दाबलेल्या रुईच्या भारतीय गासडीचे प्रमाणित वजन आज १७० किग्रॅ. असून तिचे आकारमान सु. ०·४ घ.मी. धरता येते. बार्शीच्या नमुन्याच्या वाघिणीचे स्वतःचे वजन उदाहरणादाखल ६ टन मानले, तर आसभाराच्या मर्यादेनुसार १४ टन माल भरता येईल. म्हणजे ८२ गासड्या. त्यांना सु. ३३ घ.मी. जागा हवी. वाघिणीची आतील लांबी ७·४ मी. व रुंदी १·९५ मी. धरल्यास तळाचे क्षेत्रफळ १४·४ चौ.मी. होते आणि आतील उंची सु. २·३ मी. ठेवावी लागते. तळ रुळापासून पाऊण मीटर उंचीवर असल्याने छप्पर तीन मीटरांच्या वर जाते. केवळ पाऊण मीटर रुंदीच्या रुळांवर एवढी उंच वाघीण घाटात व वादळी वाऱ्यात धोक्याची ठरेल.

म्हणून आतील उंची १·७ मी. ठेवली, तर २४·५ घ.मी. जागेत ६१ गासड्या, म्हणजे १०·४ टन माल बसतो. वाघिणीचे एकूण वजन १६·४ टन व प्रत्येक आसावरील भार ४·१ टन होतो. वजनाची मर्यादा गाठण्यापूर्वीच जागा संपते, हा कापसाच्या वाहतुकीचा विशेष होय. मिठासारखा किंवा लोखंडासारखा जड माल भरल्यास याच्या उलट घडते. वाघीण अर्धीमुर्धी रिकामी असतानाच भार पूर्ण होतो. प्रतिकृतीत उघड्या वाघिणीत लोखंडी पट्ट्या दाखवावयाच्या असतील, तर त्या काठोकाठ भरणे चूक ठरते.

याहून महत्त्वाचा प्रश्न दाबखाना कोठे आहे, हा होय. न दाबलेला, सरकीसह कापूस गासडीच्या मानाने चौपटीहून अधिक जागा व्यापतो. घनमीटरला १०० किग्रॅ. धरले, तरी वरील वाघिणीत तो जेमतेम अडीच टन मावेल. सरकी काढण्याचे व दाबण्याचे कारखाने केवळ खामगावला आहेत असे मानले, तर चिखलीहून येणाऱ्या गाड्या प्रायः हवाच वाहून आणतील आणि असा मार्ग फार काळ तग धरणार नाही. तेव्हा कल्पित मार्गाच्या चिखली टोकाला कारखाना व दाबखाना असलाच पाहिजे. अशा रीतीने एका वाघिणीच्या उंचीवरून संपूर्ण मांडणीतील इमारतींचा क्रम ठरतो. दिवसाला ३०० गासड्यांची आवक गृहीत धरल्यास पाच बंद वाघिणी भरतात. पाच वाघिणी व गार्डचा डबा अशी गाडी घरगुती मांडणीस पुरेशी होते.

घाटाची दिशाही विचारात घ्यावी लागते. खामगाव व चिखली यांच्या उंचीत सु. ३०० मी. फरक आहे. चाळीस मीटरांना एक मीटर असा चढ ठेवल्यास केवळ चढासाठी १२ किमी. मार्ग लागेल. कापसाने भरलेल्या गाड्या घाट उतरणार आणि परतीच्या गाड्या मीठ, कोळसा, कापड, लोखंड असा तुलनेने थोडा माल घेऊन चढणार. म्हणून या मार्गावर ओढण्यापेक्षा थांबविण्याची शक्ती अधिक मोलाची. वाघिणींवर निर्वात गतिरोधकाच्या नळ्या व हातगतिरोधकाची दांडी ठळक दाखविणे आणि गाडीच्या शेवटी गार्डचा डबा लावणे, हे केवळ शोभेचे काम राहत नाही.

बांधणी : आराखडा प्रथम आलेख-कागदावर प्रतिकृतीच्याच आकारात काढतात. २५ फुटी वाघीण ८७·६ मिमी. लांब व २४·५ मिमी. रुंद होते. १५० मिमी. रुंदीची फळी १·७ मिमी. ची, तर ६१० मिमी. व्यासाचे चाक ७ मिमी. चे होते. प्रत्यक्ष पत्र्याची जाडी मात्र या प्रमाणात आणता येत नाही, ३ मिमी. चा पत्रा ०·०३ मिमी. इतका पातळ होईल. म्हणून अर्ध्या मिलिमीटरचा पॉलिस्टायरिनचा पत्रा वापरून केवळ दिसणाऱ्या कडा मागील बाजूने तासून पातळ करतात. पॉलिस्टायरिन नसल्यास लाखेचा हात देऊन कडक केलेला गुळगुळीत पुठ्ठाही चालतो. दमट हवेत तो वाकू नये म्हणून आतील बाजूस आडव्या पट्ट्या चिकटवाव्या लागतात.

अधश्चौकट पितळी पट्ट्या डाख देऊन जोडून केल्यास मजबूत व काटकोनात राहते. जोडणी सपाट काचेवर करावी, म्हणजे चौकटीस पीळ पडत नाही. पीळ पडलेल्या चौकटीची चारही टोके रुळांवर एकाच वेळी टेकत नाहीत व वाघीण सांध्यांवर घसरते. याच कारणास्तव दोन बोगींपैकी एक केवळ आडवी वळेल व पुढे-मागे झुकेल, तर दुसरी याशिवाय डावी-उजवीकडेही डोलेल, अशी योजना करतात. तीन पायांची तिपाई जशी ओबडधोबड जमिनीवरही लटपटत नाही, तसे या रचनेत वाघिणीला तीनच आधारबिंदू राहतात. चाकांचे आस टोकदार ठेवून ते पितळी धारव्यांत बसविल्यास घर्षण कमी होते. चाकांच्या जोडीतील आतील अंतर प्रत्येक जोडीसाठी मापनपट्टीने तपासणे आवश्यक असते.

भिंतींवरील रिव्हेटांची डोकी पत्र्याच्या मागील बाजूने बोथट सुईने दाबून उठवितात. ती सारख्या अंतरावर यावीत म्हणून आलेख-कागद पत्र्यावर चिकटवून त्याच्या रेघांवर ठसे घ्यावेत. दरवाजा गासडी सहज आत जाईल एवढा, म्हणजे मूळ १·२ मी. रुंदीचा धरल्यास सु. १४ मिमी. चा असावा. छपराला बाक देण्यासाठी पातळ पत्रा योग्य व्यासाच्या नळीवर गुंडाळून गरम पाण्यात धरतात व थंड झाल्यावर सोडवितात. जोडण्या सर्व वाघिणींवर एकाच उंचीवर याव्यात म्हणून धातूची एक ठराविक मापपट्टी करून ठेवावी.

वजन व वळणे : लांबी ८७ पटींनी कमी झाली, तर वजन ८७ च्या घनाने, म्हणजे सु. ६,५८,५०० पटींनी, कमी होते. भरलेल्या १६·४ टनी वाघिणीची प्रमाणबद्ध प्रतिकृती केवळ २५ ग्रॅम भरेल. इतकी हलकी वाघीण रुळांच्या लहानशा उंचसखलपणानेही उडते. कारण चाकांचे घर्षण व रुळांतील दोष त्या प्रमाणात लहान होत नाहीत. अमेरिकेतील राष्ट्रीय प्रतिकृती रेल्वे संघटनेने या प्रमाणातील प्रमाणमापी वाहनांसाठी १ औंस अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस असे वजन सुचविले आहे. त्यानुसार ८७·६ मिमी. लांबीच्या वाहनास सु. ७७ ग्रॅम लागतात. अरुंदमापी वाहनांस याहून कमी, ५५ ते ६० ग्रॅम वजन पुरते. ते शिशाच्या किंवा लोखंडाच्या तुकड्यांनी तळाशी, दोन्ही बोगींवर सारखे वाटून द्यावे. शिसे विषारी असल्याने ते हाताळल्यावर हात धुणे इष्ट असते.

वळणांबाबतही तडजोड अटळ असते. २५० मिमी. त्रिज्येचे वळण म्हणजे प्रत्यक्षातील सु. २२ मी. त्रिज्या, खरी रेल्वे एवढे तीव्र वळण सहसा घेत नाही. बोगींच्या मध्यखिळींतील अंतर ६० मिमी. असल्यास अशा वळणावर वाघिणीचा मध्य सु. १·८ मिमी. आतील बाजूस आणि टोके सु. २ मिमी. बाहेरील बाजूस सरकतात. फलाट, दरडी व बोगद्याची भिंत तेवढी दूर ठेवावी लागतात. घाटाचा १२ किमी. मार्ग प्रमाणबद्ध केल्यास १३८ मी. लांब होईल; म्हणून घाटातील एखादेच वळण दाखवून उरलेला भाग सूचित करावा लागतो. गाडीचा वेगही प्रमाणात हवा : ताशी २५ किमी. वेग प्रतिकृतीत सेकंदाला सु. ८ सेंमी. होतो.

रंग व वाघिणींचे इतर प्रकार : कापसाचा हंगाम सामान्यतः दसरा-दिवाळीपासून पुढे काही महिने चालतो. उरलेल्या काळात त्याच वाघिणींना ज्वारी, सरकी, मीठ, इमारती लाकूड यांसाठी वापरावे लागते. यात्रेच्या दिवसांत भारतातील अनेक रेल्वेंवर बंद वाघिणींतून यात्रेकरूंचीही वाहतूक होत असे. म्हणून मांडणीत चार-पाच बंद वाघिणी, दोन उघड्या, एक सपाट आणि एक गार्डचा डबा असा संच समतोल ठरतो. वाघिणींना लालसर तपकिरी किंवा करडा रंग द्यावा. वऱ्हाडातील काळ्या मातीची धूळ कोरड्या ऋतूत फिकट करड्या थराच्या रूपाने चौकटीवर व चाकांवर बसते. दरवाज्याच्या खाचेत रुईचे धागे अडकतात. या खुणा रंग अतिशय पातळ करून कोरड्या कुंचल्याने दाखवाव्यात. सर्व वाघिणी सारख्याच मळलेल्या नसाव्यात. दुरुस्तीहून नुकतीच आलेली एखादी वाघीण उजळ ठेवल्यास इतरांचे वय आपोआप कळते.

माल बदलण्याचा धक्का : अरुंद व रुंद माप जेथे भेटतात तेथे प्रत्येक गासडी एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवावी लागते. या कामाचा खर्च, वेळ व मालाची नासाडी हा अरुंदमापी मार्गांचा कायमचा दोष होता. इंग्लंडमधील लीक अँड मॅनिफोल्ड या १९०४ मध्ये सुरू झालेल्या ७६२ मिमी. मार्गावर कॅलथ्रॉप यांनी मोठ्या मापाची वाघीण जशीच्या तशी वाहून नेणाऱ्या खास वाहक वाघिणी वापरल्या. भारतात हे काम मुख्यत्वे हमालांच्या पाठीवर झाले. पुढे मोटारमालवाहतूक शेताच्या बांधापासून थेट दाबखान्यापर्यंत पोहोचू लागली, तेव्हा या मार्गांचा टिकाव लागणे कठीण झाले. त्यामुळे खामगावच्या धक्क्यावर समोरासमोर उभ्या असलेल्या दोन मापांच्या वाघिणी आणि त्यांमधील गासड्यांची रास हे दृश्य अशा मांडणीचा गाभा होय. त्यात मार्गाची उपयुक्तता आणि त्याच्या अंताचे कारण, दोन्ही एकत्र दिसतात.

महत्त्व व मर्यादा : अरुंदमापी मार्गांच्या रूपांतरानंतर त्यांच्या वाघिणी बहुतांशी मोडीत निघाल्या. एंजिने संग्रहालयांत किंवा स्थानकांसमोर उभी राहिली. वाघिणींना तो मान क्वचितच मिळाला. त्यांच्या मापांची, जोडण्यांची व मालभरणीच्या रीतीची नोंद जर कोठे होत असेल, तर ती बऱ्याच अंशी प्रतिकृतिकारांच्या वहीत होते. ज्या मार्गांवरील माणसे व वाहने अद्याप आठवणीत आहेत, तेथे ही मापे घेण्याचे काम लवकर होणे आवश्यक आहे.

काल्पनिक मार्गाबाबत एक पथ्य पाळावे लागते. चांगली प्रतिकृती पाहणाऱ्यास खरी वाटते आणि छायाचित्राच्या रूपाने ती दूरवर जाते. खऱ्या कंपनीचे नाव कल्पित वाघिणीवर घातल्यास पुढील पिढी तिला ऐतिहासिक पुरावा समजण्याचा संभव असतो. ज्या प्रदेशात रेल्वेची प्रतीक्षा आजही चालू आहे, तेथे हा घोटाळा अधिक गैर ठरेल. म्हणून वाघिणीवर कल्पित नाव व क्रमांक लिहावेत, तळाशी बांधणीचे वर्ष कोरावे आणि मांडणीसोबत कोणती मापे प्रत्यक्षातील, कोणती गृहीत धरलेली व कोणती तडजोडीची आहेत, याचा तक्ता ठेवावा. कल्पनेची सीमा अशी आखून दिलेली असली, म्हणजे उरलेली वाघीण अभ्यासाचे विश्वसनीय साधन ठरते.